तिसरी रिंग आलीच नाही

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे आणि आजकाल मला माझ्याच आवाजाची भीती वाटते. वाजणं हाच ज्याचा धंदा, त्यानं वाजायला घाबरावं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण माझ्या तोंडून एका घराला एकाच सकाळी दोनदा खोटी बातमी गेली आहे. मी ती मुद्दाम दिली नाही, तरी दिली मीच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांब पट्ट्यावर आम्ही शेकडो भावंडं ओळीनं सरकत होतो. शेवटी बसलेल्या एका बाईनं मला कानाला लावलं, माझी सगळी बटणं दाबून पाहिली आणि पोटाखाली शिक्का मारला. तेव्हा माझा रंग पांढराशुभ्र होता, आता तो जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळट झाला आहे. तिथून ट्रकनं चिखली आणि चिखलीहून कडूबा लाइनमनच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून मी उंद्रीला आलो. कडूबानं खांबावरून निंबाच्या झाडाला आणि झाडावरून माणिकराव मास्तरांच्या टिनाच्या छपराला तार ओढली. त्या गल्लीतला मी पहिला फोन होतो.

माणिकराव प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या पत्नी महामायाबाई त्याच शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. त्यांना दोन लेकरं, थोरली रेणुका आणि धाकटा अश्वजित. माझ्यासाठी महामायाबाईंनी निळ्या दोऱ्याची जाळीची ओढणी विणली. गल्लीतल्या कुणाला लेक झाली, कुणाची बदली झाली, कुणाचा निकाल लागला, सगळं आधी माझ्या कानी यायचं. लोक हाक मारायला यायचे, "मास्तरीनबाई, आमचा फोन येनार हाय, आम्ही ओट्यावर बसतो." मग बाई त्यांना चहा करायच्या. माझा रुबाब विचारू नका.

त्या दिवसांत या घरात एक पद्धत पडली आणि माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे, म्हणून नीट ऐका. मास्तर कुठे गावाला गेले की पोचल्यावर घरी फोन लावायचे, दोन रिंगा होऊ द्यायचे आणि ठेवून द्यायचे. उचललाच नाही तर बोलण्याचे पैसे लागत नाहीत. दोन रिंगा म्हणजे 'पोचलो'. खरंच बोलायचं असेल तर तिसरी रिंग वाजू द्यायची, मग महामायाबाई उचलायच्या. सुरुवातीला एकदा बाईंनी घाईनं दुसऱ्याच रिंगेला मला उचललं, तर मास्तर तिकडून ओरडले, "उचलला काऊन? दोन झाल्या ना?" बाईंना ते असं लागलं की पुढची पंचवीस वर्षं त्यांनी तिसऱ्या रिंगेच्या आत मला हात लावला नाही. मी वाजलो की त्या जागच्या जागी थांबत, बोटांवर मोजत, आणि दोनवर आवाज बंद झाला की म्हणत, "पोचले."

पुढे मास्तरांना साखरेचा आजार जडला. रोज सकाळी पोटात सुई घ्यायची आणि अर्ध्या तासात जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून गावाला गेल्यावर मास्तर दोनदा दोन-दोन रिंगा देऊ लागले. पहिल्या दोन म्हणजे पोचलो. थोड्या वेळानं पुन्हा दोन म्हणजे जेवलो. महामायाबाई या दुसऱ्या दोन रिंगांची जास्त वाट बघायच्या. त्या ऐकल्यावरच त्या स्वतःचं ताट वाढून घेत.

मग मोबाइल आले. ओट्यावर बसणारे लोक आपापल्या खिशात फोन घेऊन फिरू लागले. रस्ता रुंद करताना निंबाचं झाड गेलं आणि त्याबरोबर माझी तारही तुटली. तक्रारी झाल्या, पण कुणी आलं नाही. कडूबा निवृत्त झाला होता. सात-आठ महिने मी मुका पडून होतो. जाळीच्या ओढणीवर धूळ बसली. मास्तर आपल्या बटणांच्या मोबाइलवरून बोलत, पण टिनाच्या घरात तो आवाज नीट धरायचा नाही, त्यासाठी त्यांना अंगणात जावं लागे. गावाला जाताना मोबाइल ते सोबत नेत, मग घरात बाईंजवळ काहीच उरत नसे. मला भंगारवाल्याची हाळी ऐकू आली की धडकी भरायची. प्लास्टिक, जुने डबे, बंद पडलेला मिक्सर असं तो गल्लीत ओरडत जाई आणि माझं नाव त्यात कधी येतं याची मी वाट बघत असे.

अशात एका शनिवारी अश्वजित पुण्याहून आला. तो तिथं एका कारखान्यात सुपरवायझर आहे. येताना तो ठरवूनच आला होता की घरी इंटरनेटवरचा फोन बसवायचा, म्हणजे ताईला आणि त्याला आईशी पाहिजे तितकं फुकट बोलता येईल. तो जेवायला बसला तेव्हाही त्याच्या हातात मोबाइल होता आणि तो एकेक योजना वाचून दाखवत होता. एका ठिकाणी अर्ज करून तीन महिने थांबावं लागणार होतं. दुसरा मार्ग असा की आईला काचेचा मोबाइल द्यायचा आणि सगळे कॉल त्यावरच करायचे. तिसरा म्हणजे चिखलीचा केबलवाला कचरू, तो घरात इंटरनेटची तार टाकून खोका बसवतो, त्यावर देशभर बोलणं मोफत.

मी कपाटावरून सगळं ऐकत होतो. काचेचा मोबाइल आला तर माझा निकाल लागला, हे मला कळत होतं.

अश्वजितनं आपला मोबाइल आईच्या हातात दिला. "आई, हे हिरवं दिसते ना, त्याच्यावर बोट ठेव आन् बाजूला सरकव."

महामायाबाईंनी बोट ठेवलं, सरकवलं, पुन्हा ठेवलं. काही झालं नाही. इतकी वर्षं चुलीवरची मोठी पातेली उतरवून त्यांच्या बोटांची टोकं अशी घट्ट झाली होती की काचेला ती बोटं वाटतच नव्हती.

"मले नाही उठत बाबू याच्यावर," त्या म्हणाल्या आणि ओशाळून हात पदराला पुसू लागल्या.

मग कचरूचं नक्की झालं. तो रविवारीच आला, "जय भीम मास्तर" म्हणत घरात शिरला आणि काळा खोका भिंतीला ठोकून मोकळा झाला. त्यानं मला कपाटावरून उचललं तेव्हा मी गार पडलो. पण तो म्हणाला, "हा फोन चांगला हाय की. खोक्याले याची पिन बसते. नवा घ्यायची गरज नाही." माझी पिन त्यानं खोक्यात खोचली आणि आठ महिन्यांनी माझ्या कानात पुन्हा तो अखंड सूर भरला. मित्रांनो, मी वाचलो होतो. त्या आनंदात मी पुढचं बोलणं अर्धवटच ऐकलं. आता वाटतं, मी तेव्हा जरा तरी सावध असायला हवं होतं.

अश्वजितनं कचरूला पुष्कळ प्रश्न विचारले. महिन्याला किती, वेग किती, लाइट गेली तर खोका किती वेळ चालतो, बाहेरच्या राज्यात फोन लागतो का. हुशार माणूस विचारील ते सगळं त्यानं विचारलं. मग म्हणाला, "आईले उठाले वेळ लागते. तिनं नाही उचलला तर कॉल माझ्या मोबाइलवर येईल असं करता येते का?"

"येते ना. किती रिंगांनंतर वळवू?"

"दोन," अश्वजित म्हणाला. "लवकर आला पाहिजे माझ्याकडं."

महामायाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे पर दोन रिंगा म्हनजे तर..."

"आई, तू टेन्शन घेऊ नको. तुले काही करायचं नाही. वाजला की तू फक्त उचल."

"तसं नाही बाबू, तिसऱ्या रिंगेले मी..."

"फुकट हाय आता सगळं. बिनधास्त बोलत जाय." त्यानं प्रेमानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कचरूला म्हणाला, "दोनच ठेव." बाई चुलीकडे वळल्या. मास्तर तेव्हा नव्या खोक्यावरचे हिरवे दिवे बघण्यात गुंग होते. त्यांनी नवा नंबर आपल्या मोबाइलमध्ये 'घर' या नावानं टाकून घेतला.

सोमवारपासून गोंधळ सुरू झाला, पण तो कुणाला गोंधळ वाटला नाही. रेणुका नागपूरच्या एका कॉलेजात शिकवते. तिनं दुपारी फोन लावला. मी दोनदा वाजलो आणि माझा आवाज बंद झाला. महामायाबाई गहू निवडत होत्या. त्या समाधानानं म्हणाल्या, "रेणुका पोचली कॉलेजात." इकडे तोच कॉल पुण्याला अश्वजितच्या मोबाइलवर जाऊन वाजत राहिला. तो कामावरून सुटल्यावर बहिणीला म्हणाला, "आईनं उचलला नाही का? तिले ऐकू कमी येत असंन आता." आठवडाभर हेच चाललं. मुलं कानाच्या डॉक्टरांची चौकशी करू लागली आणि आई इकडे खूश, की पोरं न चुकता पोचल्याचं कळवतात.

मला मात्र फरक जाणवत होता. पूर्वी मास्तर दोन रिंगांवर फोन ठेवायचे तेव्हा तार एकदम शांत व्हायची, माणूस दारावरून परत गेल्यासारखी. आता माझा आवाज बंद व्हायचा, पण कॉल संपलेला नसायचा. तो खोक्यातून मला वगळून कुठेतरी पुढे जायचा. माझ्या अगदी जवळून कुणीतरी हाका मारत निघून जातंय आणि मला ओ देता येत नाही, असं वाटायचं. मी घाबरून जायचो. पण फोनला फक्त वाजता येतं, सांगता येत नाही.

फेब्रुवारीतला तो मंगळवार. मास्तरांची बहीण कौशल्याबाई धामणगाव बढ्याला राहते. ती आजारी असल्याचं कळलं म्हणून मास्तर भेटायला निघाले. सकाळी सुई घेतली. भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात शेजारच्यानं चिखलीला जाणारी जीप थांबवून हाक मारली.

"अहो, चार घास तरी खा," बाई म्हणाल्या.

"बुलढान्याच्या स्टँडवर खातो. गाडी भेटनार नाही नंतर." असं म्हणून मास्तर गेले. बाईंनी भाकरी फडक्यात बांधेपर्यंत जीप वळणावर दिसेनाशी झाली होती.

त्यानंतर बाईंचा जीव माझ्याकडे लागलेला होता. काम करता करता त्या सारखं माझ्याकडे बघायच्या. साडेदहाच्या सुमाराला मी वाजलो. एक. दोन. बंद.

"पोचले बुवा," त्या म्हणाल्या. पण लगेच म्हणाल्या, "इतल्या लवकर?"

मला कळलं होतं. कॉल संपला नव्हता. तो खोक्यातून पुढे गेला होता आणि कितीतरी वेळ पुण्याच्या दिशेनं वाजत होता. मास्तर असं कधी करत नाहीत. मास्तर दोनवर ठेवतात. मी जीव तोडून ओरडलो असतो, पण माझ्याकडे घंटा होती ती दोनदा वाजून झाली होती.

दहा मिनिटं गेली. मी पुन्हा वाजलो. एक. दोन. बंद.

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "जेवले," त्या म्हणाल्या. हात धुऊन त्यांनी ताट वाढून घेतलं आणि सकाळची तीच भाकरी मोडली. मित्रांनो, तो क्षण मला अजून सोडत नाही. ज्या माणसाच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता, तो जेवला असं मी त्याच्या बायकोला सांगितलं होतं. आणि ती माझ्यावर विश्वास ठेवून जेवायला बसली होती.

तिसऱ्यांदा वाजलो तेव्हा त्यांच्या हातात घास होता. एक. दोन. बंद.

घास तसाच राहिला. "पोचले, जेवले," त्या बोटांवर मोजत म्हणाल्या, "आता हे तिसरं कायचं?" तिसऱ्या वेळेला या घरात काही अर्थच नव्हता. त्या उठल्या. उष्ट्या हातानंच माझ्यापाशी आल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. उलट फोन लावणं त्यांना जमणारं नव्हतं, नंबर छोट्या वहीत होता आणि मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नव्हतं. इतकी वर्षं नंबर लावून द्यायचं काम मास्तरांचं होतं. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. आम्ही दोघं वाट बघत होतो आणि मला वाटत होतं, तिकडच्या माणसानं आता नाद सोडला तर? चौथ्यांदा कोण कशाला लावील?

मी वाजलो. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी मला उचललं.

"हॅलो! मास्तराच्या घरून बोलता का?" अनोळखी आवाज होता. "कवापासून लावून राह्यलो, कोनी उचलतच नाही! मी गोकुळ, मोताळ्याच्या फाट्यावर हॉटेल हाय माझी. तुमचे मास्तर जीपमधून उतरले आन् इथं पडले. खिशातला मोबाइल काढून 'घर' पाह्यलं अन् लावला."

"काय झालं त्याईले?"

"बाई, राग मानू नका. मास्तर पेत असतात का? घामानं भिजले हायेत, बोलनं बरळल्यासारखं हाय. लोकं म्हनते पेलेला हाय, पडू द्या."

आयुष्यात ज्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नाही, शाळेतल्या पोरांना पंचशील शिकवलं, तो माणूस बाकड्यावर पडला होता आणि लोक हसत होते. पण रागवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

"नाही हो दादा! त्याईले साखरेचा आजार हाय. सुई घेऊन उपाशी गेले ते. शुद्ध हाय का त्याईले? गिळता येते का?"

"डोळे उघडे हायेत. पानी पेले घोटभर."

"मंग साखर द्या! पान्यात घालून साखर पाजा, आत्ता! साखर उतरली त्याईची!"

गोकुळनं मोबाइल बाकड्यावर ठेवला असावा. मला स्टोव्हचा आवाज ऐकू आला, पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला, कुणीतरी "सरका, सरका" म्हणत होतं. महामायाबाईंनी मला कानाशी इतकं दाबून धरलं की माझं प्लास्टिक करकरलं. खोक्यावरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. लाइट जाऊ नये, तार तुटू नये, एवढंच मी घोकत होतो. असा किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मग खूप दमलेला आवाज आला. "महामाया..."

बाई नुसत्या रडल्या. रडून झाल्यावर म्हणाल्या, "स्टँडवर खातो म्हने! खाल्लं काऊन नाही?"

गोकुळनं मास्तरांना आधी भात-वरण खाऊ घातलं आणि संध्याकाळच्या आत स्वतःच्या गाडीवरून मोताळ्याला दवाखान्यात दाखवून आणलं. दुसऱ्या दिवशी मास्तर घरी आले. बुलढाण्याला पुढची जीप लगेच मिळाली, म्हणून स्टँडवर खायचं राहून गेलं होतं. खाली पडल्यामुळे कपाळ सुजलं होतं. त्यापेक्षा, पेलेला समजून लोकांनी तोंड फिरवलं ते त्यांना जास्त लागलं होतं. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि ओट्यावर बसून हळूच विचारलं, "गोकुळ म्हने, पाऊन तास कोनी उचलला नाही. तू घरीच होती ना?"

"घरीच होती," बाई म्हणाल्या. "दोन झाल्या, मी म्हनलं पोचले. मंग अजून दोन झाल्या..." मास्तरांना उमगायला वेळ लागला नाही. त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेला मी आजही घाबरतो.

अश्वजित रात्रीच्या गाडीनं निघून पोचला. त्या दिवशी त्याचा मोबाइल कारखान्याच्या लॉकरमध्ये होता, तिथं तो आत नेऊ देत नाहीत. त्यावर तीन कॉल येऊन पडले होते. आईच्या तोंडून सगळं ऐकल्यावर तो लहान मुलासारखा रडवेला झाला. "आई, तू मले हे आधी सांगितलं काऊन नाही?"

"सांगत होती," महामायाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू म्हनला, वाजला की फक्त उचल."

अश्वजितनं कचरूला फोन लावला आणि पुण्याला वळवायचं बंद करायला सांगितलं. कचरूनं विचारलं, आता किती रिंगा ठेवायच्या. या वेळी अश्वजितनं मोबाइल बाजूला धरला आणि आईला विचारलं, "आई, किती वाजू देऊ?"

"मी येईपर्यंत वाजू दे," त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, मास्तर बरे आहेत. पण महामायाबाई आता मोजत नाहीत. मी वाजलो की त्या हातातलं टाकून धावत येतात आणि चेहरा भीतीनं पांढरा झालेला असतो, मग पलीकडून कुणी नुसतं 'जेवलीस का' विचारत असलं तरी. ती भीती मी त्यांना दिली. तुमच्या घरीही असा स्वस्तातला नवा फोन येईल. तेव्हा दर विचारा, वेग विचारा, सगळं विचारा. पण ज्या माणसाला तो उचलायचा आहे त्यालाही विचारा की तुम्ही फोन कसा घेता. आणि आई किंवा आजी सांगू लागली की मधे बोलू नका. तिचं वाक्य पुरं होऊ द्या.